सगुणाबाईनं सांगितलेला डोंगर

मुळशीतला तो डोंगर तसा बुटकाच. पायथ्याला चार वाड्या, आणि पौडाला जायचं तर दोन-अडीच तासांची पायपीट. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात नकाशासाठी मोजणीवाले तिथं आले. त्यांच्या साहेबांनी पोलीस पाटलांना वरच्या जागांची नावं विचारली. पाटील पायथ्याच्या बांबूच्या बेटापलीकडं कधी गेलेच नव्हते. ते म्हणाले, "बौद्धवाड्यातल्या सगुणाला विचारा. गवताला, सरपणाला ती रोज वर जाती."

सगुणाबाई चाळिशीची, अंगानं काटक, शाळेची पायरी न चढलेली. दोन दिवस ती साहेबांच्या पुढं चालली. गिधाडकडा, उंबरमेट, दळणाचा खडक. ती सांगत गेली, साहेब वहीत लिहीत गेले. शेवटी ते वैतागले.

"एवढ्याशा टेकडीला इतकी नावं कशाला, बाई?"

"जनावर हारवलं तर कुटं हुडकायचं, ते सांगाया नगं का?"

दुसऱ्या दुपारी ती एका कपारीपाशी थांबली. "ह्यो तानीचा झरा."

कपार ठणठणीत कोरडी. साहेबांनी पेन खिशाला लावलं. "पाणीच नाही, तर झरा कसा लिहू?"

सगुणाबाई कपारीत खाली बसली. तिनं विळ्यानं पाचोळा ओढला, दगड बाजूला केले आणि हातभर माती उकरली. खड्ड्यात आधी गढूळ पाणी जमलं, मग ते निवळलं. पानाच्या द्रोणात धरून तिनं ते साहेबांपुढं केलं. साहेब प्याले. पेन पुन्हा बाहेर आलं.

"तानी कोण?"

"माजी आय. तिनंच दावला मला."

छापील नकाशा यायला सात वर्षं गेली. शाळेतल्या जयसिंग गुरुजींनी तो पुण्याहून आणला आणि सगुणाबाईला बोलावणं धाडलं. तिच्यामागं अर्धी वाडी आली, पाटीलही आले. गुरुजींनी बोट फिरवत नावं वाचली. सांगितलेल्या पंचवीस-तीस नावांतली सहाच छापली होती. त्यांतलं एक, तानीचा झरा.

सगुणाबाईनं पदराला हात पुसले आणि त्या बारीक अक्षरांवर बोट टेकवलं. बराच वेळ तिनं ते उचललं नाही. पाटलांनी उठून आपली खुर्ची तिच्याकडं सरकवली. ती मान ताठ ठेवून बसली.

"बाकीची गाळली की ओ," ती गुरुजींना म्हणाली. "पेन्सील घ्या. मी सांगती, तुमी लिवा."