सातव्या खुणेजवळचा ठिपका

आमच्या शाळेत तिला सगळे भिंगमावशी म्हणायचे. नाव मुलांनी पाडलं होतं, आणि मुलांनी पाडलेलं नाव चिकटतं ते कायमचं. झाडलोट, फरशा, वर्गांतले फळे, खिडक्या, पाण्याच्या टाक्या, सगळं तिच्याकडे. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, एखादी खोली बघून "वा, चकाचक!" म्हणत बाहेर पडले की ही मागून आत जाऊन खिडकीच्या कोपऱ्यातला नखाएवढा डाग शोधून काढायची. "सरांना चष्मा आहे ना, म्हणून दिसत नाही," असं मला हळूच सांगायची.

मी शाळेतला कारकून. पहिल्या दिवशी तिने माझ्या टेबलावर कप ठेवला आणि म्हणाली, "दादा, चहा." आठ वर्षं हेच चाललं होतं. बाकी झाडून सगळ्या पुरुषांना ती सर नाहीतर साहेब म्हणायची. टपाल घेऊन येणारा पोरगेला माणूससुद्धा तिचा साहेब. दादा फक्त मी. मला याचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना माझी कीव करायची गरज पडणार नाही.

तिचा नवरा रंगकामाला परगावी गेला तो तिकडचाच झाला. मग एके दिवशी दीर एक कागद घेऊन आला. "वहिनी, घराच्या दुरुस्तीचा अर्ज आहे, अंगठा द्या." तिने दिला. दोन महिन्यांनी कळलं की राहती खोली त्या कागदाने दिराच्या नावावर गेली. कडेवर वर्षाची पोर घेऊन ती बाहेर पडली आणि आमच्या शाळेत लागली. तिला लिहितावाचता येत नव्हतं. रडगाणं गायचा तिचा स्वभाव नव्हता, पण एक वाक्य मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल: "बारकीला कागद वाचता आला पाहिजे, दादा. बाकी काही नाही आलं तरी चालेल."

बारकी म्हणजे तिची मुलगी. आमच्याच शाळेत होती, पहिलीपासून एकाच बाईंच्या हाताखाली, कारण आमच्याकडे बाई वर्गाबरोबर पुढे सरकत. मी सांगतोय त्या वर्षी चौथी चालू होती. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला मुलं दुसऱ्या शाळेत जात, आणि तिथे दारातच वाचून घेत. न अडखळता वाचलं तर आत, नाहीतर खुशाल तिसरीत बसवत. त्यामुळे आई डोळ्यांत तेल घालून बसली होती, आणि तिच्या हातात बघायला एकच गोष्ट होती. आठवड्याचं पत्रक.

हे पत्रक म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर उजवीकडे एक चौकोन आखलेला असे. सोमवारी बाई त्यात 'या आठवड्याची उद्दिष्टं' लिहीत, शनिवारी भिंगमावशी ती पुसे. तीच बारा उद्दिष्टं मी टाइप करून प्रत्येक मुलाच्या नावाने एकेक पत्रक काढायचो. 'परिच्छेद समजून वाचतो.' 'दोन अंकी बेरीज करतो.' प्रत्येकापुढे एक चौकट. उद्दिष्ट साधलं तर चौकटीत बरोबरची खूण. शुक्रवारी पत्रक घरी जायचं आणि खालची सहीची चिठ्ठी फाडून परत यायची.

सुरुवातीला बाई खुणा हाताने करत. एका वर्गात चाळीस मुलं, प्रत्येकाची बारा उद्दिष्टं. शुक्रवारी शेवटच्या तासाला सगळ्या जणी मान मोडून खुणा करत बसलेल्या. बारकी पहिलीत आली त्याच आठवड्यात तिच्या बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "दादा, एवढं डोकं आहे तुम्हाला, काहीतरी करा ना!" आता कुणी डोकं आहे म्हटलं की मी ते वापरल्याशिवाय राहत नाही. मी एक लांब पट्टी घेतली, तिच्यावर एकाखाली एक बारा खुणा केल्या, आणि कॉपी मशीनवर पत्रकाच्या कडेला ती पट्टी ठेवून प्रती काढल्या. उद्दिष्टं दर आठवड्याला नवी, पट्टी तीच. सातवी खूण करताना पेनातून शाईचा बारीक ठिपका पडला होता. तेवढ्यासाठी नवी पट्टी कोण करतंय? बाईंनी मला चहा पाजला. पुढच्या आठवड्यात सगळ्या वर्गांच्या बाई रांगेत. नंतर नंतर शुक्रवारच्या खुणा सोमवारीच छापून तयार असत, फळ्यावर उद्दिष्टं लिहून व्हायच्या आधी.

शुक्रवारी शाळा सुटली की भिंगमावशी बारकीला घेऊन माझ्या टेबलाशी यायची. खुणा बोटाने मोजायची. "बारापैकी बारा, दादा!" मी म्हणायचो, "बारा." मग माझ्या शिक्क्याच्या शाईवर अंगठा दाबून चिठ्ठीवर उठवायची आणि पत्रकाची घडी करून पत्र्याच्या डब्यात ठेवायला घरी न्यायची. दिराच्या कागदापासून ती अंगठ्याला फार जपत असे. शाळेचा कागद मात्र तिने कधी फुंकून प्यायला नाही.

चौथीचे शेवटचे सहा आठवडे राहिले होते. ती राहायची त्या इमारतीच्या दारावर कुणीतरी एक सूचना चिकटवली. ही बारकीला म्हणाली, "वाच गं, काय लिहिलंय?" पोरगी कागदासमोर उभी राहिली, ओळींवरून बोट फिरवलं आणि खड्या आवाजात वाचायला लागली: "एका झाडावर एक खार राहत होती. ती दिवसभर बिया गोळा करायची…"

आईने पुढची ओळ तिच्याआधी म्हटली असती. रोज संध्याकाळी हाच धडा ऐकून तिलाही तो पाठ झाला होता.

तिने पोरीला मारलं नाही, काही विचारलं नाही. घरी येऊन पत्र्याचा डबा फरशीवर उपडा केला आणि पत्रकं ओळीने मांडली. पहिलीपासूनची. अक्षरांपुढे ती आंधळी होती, पण डागापुढे? प्रत्येक पत्रकावर, प्रत्येक आठवड्याला, वरून सातव्या खुणेजवळ तोच ठिपका. दुसऱ्या दिवशी झाडताना कचऱ्याच्या डब्यांतून तिने दुसरीच्या, तिसरीच्या मुलांची फेकलेली पत्रकं वेचली. तिथेही तोच.

दुपारी शिक्षकांच्या खोलीत आम्ही डबे खात होतो. ती कधी आमच्यात बसत नसे, पण चौथीच्या बाई तिला हाक मारून आपल्या डब्यातलं काढून द्यायच्या, इतकं त्या दोघींचं होतं. त्या दिवशी बाईंनी "ये गं" म्हटलं आणि हिने येऊन डब्याशेजारी पत्रकं ठेवली.

"बाई, बारकीला वाचता येत नाही. तुम्हाला माहीत होतं?"

बाईंचा घास हातातच राहिला. "अगं, येईल हळूहळू. चाळीस मुलं आहेत, सगळी एकदम कशी…"

"मग झालं म्हणून खूण का केली?"

"नाही केली तर कारण लिहावं लागतं. मग वरून विचारणा, मग त्याचा वेगळा तक्ता. अगं, ती पत्रकं कोणी बघत नाही! आणि तू शुक्रवारी किती खूश असायचीस. तुझं मन मोडवेना."

"कोणी बघत नाही?" तिचा आवाज चढला नाही. "मी बघत होते. मला एक अक्षर येत नाही, बाई. सगळ्या कागदांवर मला वाचता येणारी एकच गोष्ट होती, ही खूण. तीसुद्धा तुम्ही खोटी दिलीत. दिराने फसवलं तेव्हा म्हटलं, तो तसाच होता. तुमचं मी काय घोडं मारलं होतं?"

बाई रडायला लागल्या. ही रडली नाही. तिने फक्त एक विचारलं, "ही खूण केली कुणी? सगळीकडे एकच हात आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्यात तोंड घालून बसलो होतो. तेव्हा मान वर केली असती तर ही गोष्ट तिथेच संपली असती, आणि कदाचित तिने मला माफही केलं असतं. मी मूग गिळले. बाईंनी डोळे पुसत म्हटलं, "ते छापूनच येतं. वरून." बिचारीने माझी अब्रू राखली, आणि मी तिला ती राखू दिली.

संध्याकाळी भिंगमावशी बारकीला घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "दादा, आता या शाळेत तुमच्याशिवाय कुणावर भरवसा नाही. सहा आठवडे आहेत. हिला वाचायला शिकवा. आणि एक कागद करा. एकच उद्दिष्ट, एकच चौकट. हिला खरंच आलं तरच खूण करायची. नाही आलं तर रिकामी ठेवायची."

मी लिहिलं: 'बारकी कधी न पाहिलेला कागद वाचते.' तिला वाचून दाखवलं. पुढे एक मोठी चौकट काढली. कुंपणानेच शेत खाल्लेलं, आणि राखायलाही पुन्हा कुंपणालाच बसवलेलं! मला तेव्हा सांगता आलं असतं. मी मनाशी म्हटलं, आधी शिकवतो, मग सांगतो. स्वतःला फसवायला मला छापील पट्टीसुद्धा लागली नाही.

शिकवलं मात्र जीव तोडून, हे खोटं नाही. पोरगी अक्षरं ओळखत होती. काना-मात्रा लागल्या की बावरायची आणि अंदाजाने ठोकून द्यायची. खारीचा धडा मी कपाटात कुलूपबंद केला. जुनी परिपत्रकं, औषधाच्या बाटलीवरचे कागद, हरवल्या-सापडल्याच्या सूचना, जे हाताला लागेल ते तिच्यापुढे टाकत गेलो. 'मुख्याध्यापकांच्या आदेशानुसार' या शब्दांनी तिला तीन दिवस रडवलं. चौथ्या दिवशी ते वाचून झाल्यावर म्हणाली, "काका, एवढ्या लांब शब्दाचा अर्थ एवढाच? सरांनी सांगितलंय म्हणून?" मला इतकं हसू आलं की शेजारच्या खोलीतून मोठे सर डोकावले.

पाच शुक्रवार चौकट रिकामी राहिली. पाचही शुक्रवारी आईने खाली अंगठा उठवला. मी म्हटलं, "रिकाम्या कागदावर कशाला?" ती म्हणाली, "रिकामी आहे हे तरी खरं आहे ना, दादा."

सहाव्या शुक्रवारी ती येतानाच एक घडी घातलेला कागद घेऊन आली. रस्त्यात कुणी वाटत होतं, ते पत्रक. मी पाहिलेलं नाही, बारकीने पाहिलेलं नाही. घडी तिने आमच्यासमोर उघडली. डोळे तपासायच्या शिबिराची जाहिरात होती. बारकीने बोट ठेवलं आणि वाचायला लागली. 'मोतीबिंदू'पाशी थांबली. मागे आली, परत गेली, शब्द फोडला, जोडला आणि पुढे निघाली. शेवटची ओळ पत्त्याची होती. तीही वाचली, दरवाजा क्रमांकासकट.

आई टेबलाची कड धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. मलाही भरून आलं. मी पेन उचललं, तो कागद पुढे ओढला आणि त्या मोठ्या चौकटीत झोकात खूण केली. चार वर्षांत त्या शाळेत केलेली पहिली खरी खूण. पट्टीवर बारा वेळा फिरला होता तसाच सवयीने हात फिरला. डावीकडे छोटं वळण, मग वर गेलेली लांब रेघ, आणि टोकाला किंचित खाली वळलेली शेपटी.

"घे," मी म्हटलं. "ही खरी."

तिने कागद हातात घेतला. डोळे पुसले आणि जवळ धरून पाहिला. बोट आधी त्या वळणावर ठेवलं, मग रेघेवरून वर नेलं, मग खाली वळलेल्या टोकाशी थांबवलं. तिथे ते बराच वेळ होतं. मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं. तोंडाकडे नाही पाहिलं.

मी म्हटलं, "ऐक, मी सांगणारच होतो."

शाईची डबी मी उघडून ठेवली होती. तिने ती बंद केली, कागदाची घडी करून बारकीच्या दप्तरात सरकवली आणि म्हणाली, "चल गं, पोरी." त्या दिवशी तिने अंगठा उठवला नाही.

बारकी नव्या शाळेच्या दारात न अडखळता वाचून पाचवीत गेली. हे मला बाईंकडून कळलं.

त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी मी शाळेत पोचलो तेव्हा माझं टेबल रोजच्यासारखं लख्ख पुसलेलं होतं. दहाच्या सुमारास ती आली आणि कप नेहमीच्या जागी ठेवला.

"साहेब, चहा," ती म्हणाली. टपालवाल्याला म्हणते त्याच आवाजात.