रोख चालणार नाही

राजश्री चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या घड्या घालते. कमाई तिची, खातं नवऱ्याचं. तिच्या फोनमधलं पैशांचं ॲपही त्यानेच घालून दिलंय. तिने साधा चहा घेतला, तरी कुठे घेतला ते त्याच्या फोनवर दिसतं.

त्या सकाळी ती कामाला म्हणून निघाली आणि लेकीला, उत्कर्षाला, शाळेतून परस्पर घेऊन एसटी स्टँडवर आली. माहेरी अकलूजला जायचं होतं, परत न येण्यासाठी. फुटलेला ओठ तिने पदराने झाकला होता. तिकिटाचे पैसे कसेबसे लपवून साठवले होते.

गाडी यायच्या आधीच उत्कर्षा पोट धरून रडू लागली. स्टँडबाहेरच्या शौचालयावर पाटी होती: रोख चालणार नाही, स्कॅन करा. म्हणजे पोरीला संडासला न्यायचं, तेही नवऱ्याला कळवून!

"दहाची नोट घ्या की मावशी, लेकरू हाय."

"दार मशीन उघडतंय बाई, मी न्हाय," तिथं बसणारी मीनाबाई म्हणाली. "माझ्याकडं बी साधा फोन हाय."

राजश्रीने नोट पुढे करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विनवलं. भीक मागतेय समजून ते बाजूने निघून गेले. उत्कर्षाला उभं राहवेना. शेवटी राजश्रीने स्कॅन केलं.

पोरगी आत पळाली आणि फोन वाजू लागला. नवरा. तिने उचलला नाही. पुन्हा वाजला. तिकडे अकलूजची गाडी फलाटाला लागली.

"उत्कर्षा, आवर गं!"

मग फोन वाजायचा थांबला. ती कुठं आहे, हे विचारायची त्याला गरजच उरली नव्हती.