बारा हात रुंदीचं घर

वामनराव गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. दुपारची गाडी आमच्या माले गावच्या थांब्यावर उभी होती, मी शाळेसाठी आलेलं खडूंचं खोकं उतरवून घेत होतो, आणि हा गृहस्थ तिकिटं फाडता फाडता म्हणाला, ‘‘मास्तर, पौडचं म्हातारं ओव्हरसियर गेलं की परवा. तुमच्या घराचं काम केल्यालं न्हवं त्येनी?’’ मी ‘व्हय’ म्हटलं आणि खोकं घेऊन चालायला लागलो. काय काम केलं त्यांनी आणि मी त्याचे काय पांग फेडले, हे लिहायला मला दीड महिना लागलाय. खरं म्हणजे अकरा वर्षं.

सरकारी नोकरीतून सुटल्यावर वामनराव पौडला राहत. भिंत उभी राहायच्या आधीच तिला दगड किती, चुना किती, वर वासे किती लांबीचे आणि कौलं किती, हे सगळं कागदावर मांडून द्यायचं, हा त्यांचा उद्योग. आमचं जुनं छप्पर पाडून दगडी घर बांधायचं ठरलं तेव्हा मी हट्टानं त्यांना नेमलं. माझे वडील, तात्या, संतापले. ‘‘घर आपलं, दगूड आपला, गवंडी आपला. मग ह्यो कागूद करणारा बामन कशापायी?’’ मी चार बुकं शिकलेला, मला कागदाचं भारी कौतुक! वामनराव मात्र तात्यांना हसून म्हणाले, ‘‘तात्या, माल उरला तर मला शिव्या द्या, कमी पडला तर दोन जास्त द्या.’’ तात्यांना माणूस आवडला. तसं कबूल केलं नाही ते सोडा.

पुढं वामनरावांना मुदतीचा ताप आला. त्यांना जागेवर येऊन माप घेता येईना आणि लाकूड तर वखारीत सांगायची घाई, कारण मृगाच्या आत कौलं चढायला हवी होती. त्यांनी निरोप धाडला की टेप लावून मोजा आणि फुटात कळवा. आमच्याकडं टेप कुठला? पाया तात्यांनी आमच्या रीतीनं आखला होता. ज्याचं घर त्याचा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. रुंदी बारा हात. एक हात म्हणजे दीड फूट, हे मी पोरांना रोज घोकून घेत असे. केला गुणाकार, लिहिलं अठरा फूट, आणि वर शहाणपणा बघा, खाली लिहिलं, ‘टेपने मोजून घेतले आहे.’

तात्या सहा फुटांच्या वर उंच. त्यांचा हात वीस इंचांचा भरतो, हे मी फार नंतर मोजलं. दगड कमी पडला तेव्हा गवंडी कुरकुरला, आम्ही डोंगरातून आणखी आणला, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. वासे चढवायच्या दिवशी सगळी आळी जमली होती. वामनरावही तापातून उठून, मफलर गुंडाळून आले होते. सुताराने पहिला वासा आढ्यावर टेकवला आणि वरूनच ओरडला, ‘‘तात्या, पोचत न्हाई! फूटभर कमी हाय!’’ दुसरा लावला, तोही तसाच. कुणीतरी हसलं, ‘‘कागदावरच्या घराला आता कागूदच घाला की वर!’’ तात्यांचा चेहरा उतरला. आणि मी... मी चारचौघांत त्या आजारी माणसावर ओरडलो. ‘‘काय हिशेब केलात तुम्ही? आमचं घर उघडं पाडलंत!’’

वामनरावांनी पिशवीतून माझी चिठ्ठी काढली. वाचली. भिंतीकडं पाहिलं, तात्यांच्या लांबलचक हातांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला तिथंच सगळं उमगलं. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली आणि म्हणाले, ‘‘चूक झाली खरी. जोड देऊ. पावसाआधी घर झाकून देतो, तात्या.’’ पुढचे आठ दिवस अंगात कसकस असताना सुताराशेजारी उभं राहून त्यांनी वाशांना जोड देऊन घेतले. मी त्यांना चहा नेऊन देत होतो. आत्ता सांगू, मग सांगू... नाही सांगितलं. मास्तरचा गुणाकार चुकला म्हणून गाव हसेल, याचं भय. लाज वाटते लिहिताना.

त्यानंतर माले काय, कोळवण काय, या बाजूला त्यांना कुणी बोलावलं नाही. ‘‘त्यो व्हय? वासं आखूड करणारा?’’ असं माझ्यासमोर लोक म्हणत आणि मी मुंडी खाली घालून ऐकत असे. माझ्या एका वाक्यानं ते थांबलं असतं.

तेराव्याला पौडला गेलो. वामनरावांच्या पत्नीनं, काकूंनी, पाणी दिलं. त्यांना सगळं सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, ‘‘मला ठाऊक आहे. मी चिडायची त्यांच्यावर, लोकांना खरं सांगा म्हणून. तर म्हणायचे, त्याला रोज त्याच गावात पोरांपुढं उभं राहायचंय. येईल तो आपणहून.’’ मग म्हणाल्या, ‘‘माल्याची गाडी यायच्या वेळेला ओट्यावर जाऊन बसायचे हो. गाडी गेली की आत येऊन चहा मागायचे.’’

अकरा वर्षं! ती गाडी माझ्या शाळेपुढून सुटते. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता.

आता ओट्यावर कुणी नाही. म्हणून छापून सांगतोय. बारा हातांचे अठरा फूट मी केले होते, वामनरावांनी नव्हे. माले-कोळवणकडं ज्याच्या हाती हा अंक पडेल त्यानं एवढं पारावर मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि मी तिथं असलो तरी थांबू नये.