प्रेमिलाबाईंनी काढून ठेवलेली रिंग

प्रेमिलाबाई हुडकेश्वरला आमच्या शेजारी राहायला आल्या तेव्हा मला वाटलं, बाई जरा तुसडीच दिसते. मंगळवारी देवळात आम्ही बायका भजनाला बसायचो, तर ही दाराशी उभी, आणि आरतीच्या आधीच गायब. "बसा की," म्हटलं तर, "नाई वं ताई, दूध गॅसवर हाय." रोज कोणाचं दूध गॅसवर असतं?

मूळ गाव नरखेड तालुक्यात, घरची संत्र्याची बाग. मुलाला नागपुरात नोकरी लागली म्हणून त्या इकडे आल्या. नवरा, महादेवराव, बागेकडे आणि इकडे येऊन-जाऊन. घरात सून वैभवी. हसतमुख घर होतं. म्हणूनच त्या दिवशी जिन्यात पाण्याची बादली बाजूला ठेवून, पदराचा बोळा तोंडात धरून बसलेली बाई पाहून मी घाबरले.

"काय झालं?"

"काई नाई. आंग बाहेर येते वं ताई माह्यं."

मला कळायला वेळ लागला. गर्भाशय खाली सरकून बाहेर डोकावत होतं. पिंटू, म्हणजे हा नोकरीवाला मुलगा, पाळण्यात होता तेव्हापासून. त्याचा जन्म ऐन तोडणीच्या दिवसांतला. बारसं झालं आणि आठवड्यात डोक्यावर संत्र्यांचं क्रेट आलं. तेव्हापासून हातानं आत सारायचं, जुन्या धोतराचा लंगोट घट्ट बांधायचा आणि कामाला लागायचं. खाली मांडी घालून बसलं की ओढ लागायची, खोकलं की लघवी सुटायची. नवऱ्याला सांगितलं नाही, सुनेला तर नाहीच.

"त्याईले काय सांगू? हे काय सांगासारखं हाय?"

मी त्यांना आमच्या ओळखीच्या मुग्धा डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आतले स्नायू आणि दोर सैल झाले की गर्भाशय खाली येतं. थोडंसं उतरलं असेल तर लघवी रोखून धरतो तसा आतून आवळायचा व्यायाम रोज करायचा, वजन उचलायचं नाही, बद्धकोष्ठ आणि खोकला अंगावर काढायचा नाही. तुमचं बरंच उतरलंय, नुसत्या व्यायामानं वर जायचं नाही. एक मऊ रिंग आत बसवता येते, ती आधार देते. दर तीन महिन्यांनी काढून धुवायची, तपासायची. नाहीतर ऑपरेशन. त्यातही पिशवी ठेवून वर टाके घालून बांधता येते, किंवा खालूनच काढून टाकून सैल झालेल्या भिंती शिवून घेता येतात. पोटावर चिरा नाही.

"काढासाठी बोलावलं असान तं मी चालली," म्हणून प्रेमिलाबाई उठल्याच.

डॉक्टर हसल्या. "बसा हो. कुणी धरून ठेवलंय का? रिंग लावून बघू."

ऑटोत त्यांनी खरं कारण सांगितलं. भाद्रपदात त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात. देवीचं धड म्हणजे पत्र्याची कोठी. घरातली बाई ती गव्हानं भरते, मग साडी नेसवायची, वर मुखवटा. देवीचं पोट भरणं म्हणतात त्याला. धाकट्या जावेची, देवकीची, पिशवी काढली त्या वर्षी सासूबाईंनी तिच्या हातातलं माप काढून घेतलं होतं. म्हणाल्या, हिचं पोट रिकामं, ही काय देवीचं भरणार. तेव्हापासून देवकी पुरण वाटते, पण कोठीला हात लावत नाही. सासूबाई गेल्या, रीत राहिली.

"आता थे भरणं माह्याकडं हाय ताई. माह्याकडून तेवढं सुटलं तं मंग घरात माह्यं काय हाय?"

देवीचं म्हटलं की माझीही जीभ अडते.

रिंग मात्र मानवली. वैभवीला विश्वासात घ्यायला लावलं ते डॉक्टरांनी. बाई भजनाला बसायला लागली, एसटीनं गावी जाऊन आली. "मोकळं वाटून राहिलं वं," म्हणायची.

मग महालक्ष्म्या आल्या. त्या वर्षी पहिल्यांदाच इथे, हुडकेश्वरला. देवकी आणि सगळे गावाहून आले. सकाळीच वैभवीची पाळी आली, ती आतल्या खोलीत. दुपारी देवकी धावत माझ्या दारात आली.

"ताई, चाला. बाई मोरीतून उठून नाई राहिली."

प्रेमिलाबाईंनी पहाटे आंघोळीला रिंग काढून कोनाड्यात ठेवली होती. एक कोठी भरून झाली, पाट वाकडा वाटला म्हणून भरलेली कोठी दोन्ही हातांनी उचलून सरकवली. आता सगळं बाहेर, सुजलेलं, आत जाईना, लघवीही अडलेली.

मी आणि देवकी त्यांना दवाखान्यात घेऊन निघालो. ऑटोत मी रागावले. "काढलीत कशाला?"

"बाहेरचं रबर आंगात घेऊन देवीले हात कसा लावू ताई?"

मला ते पटलं नाही, पण नवलही वाटलं नाही.

डॉक्टरांनी नळी घातली, औषधाची पट्टी ठेवून सूज उतरेपर्यंत पडून राहायला सांगितलं. घासून जखम झाली होती. "ही भरली की ऑपरेशन करू या. रिंग पुन्हा लावता येईल, पण जखम होत राहील. तुमचं वय बघता पिशवी काढणं मला बरं वाटतं. ठेवायची असेल तर तेही करू. ठरवा तुम्ही."

प्रेमिलाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात देवकीचा फोन वाजला. महादेवराव. एवढ्या मोठ्यानं बोलत होते की वॉर्डाला ऐकू जावं. "दुसरी कोठी रिकामी हाय ना! सूनबाई आत बसली, मुहूर्त चालला. कोण भरते? विचार तिले!"

देवकीनं फोन कानापासून लांब धरला आणि जावेकडे पाहिलं. "सांगा बाई. कोणाले बलावू? शेजारपाजारच्या?"

मी मनात देवीचं नाव घेत होते.

"तू जाय," प्रेमिलाबाई भिंतीकडेच बघत म्हणाल्या.

"काय म्हनलं?"

"तू भर म्हनलं कोठी."

"मी? माह्यी पिशवी काढेल हाय ना. रिकाम्या पोटाची हाय मी."

"देवकी..."

"सासूबाईनं माप हिसकलं तवा तुम्ही बाजूलेच होत्या. लाडू वळत होत्या. एक शब्द निंघाला नाई तोंडातून."

"नाई निंघाला," प्रेमिलाबाई म्हणाल्या. कूस बदलली, तोंड वेडंवाकडं झालं. "भेली मी तिले. आता मीच सांगून राहिली. तुह्या हातानं चालते. देवी अर्धी उपाशी ठेवतं का?"

देवकीनं डोळे पुसले नाहीत, नाकच ओढलं. फोनमध्ये म्हणाली, "येऊन राहिली मी. गहू काढून ठेवा, अन् बोंबलू नका, दवाखाना हाय हा." निघताना दारात थांबली. "भरतो. पन सासूबाईच्या फोटोकडं तोंड करून भरतो. पाहू दे म्हाताऱ्या जीवाले."

प्रेमिलाबाईंना हसू आलं आणि हसताना दुखलं. "हसवू नोको वं, मरतो मी."

ती गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मग मला म्हणाल्या, "तिच्या हातचं चालते, तं माह्या बी हातचं चालन ना ताई?"

"चालेल की."

"मंग डॉक्टरीणबाईले सांगा, काढा म्हना. अन् विचारा, पुन्हा तं नाई ना उतरत?"

मी विचारायला गेले. डॉक्टर म्हणाल्या, कधी कधी भिंती पुन्हा सैल होतात, खात्री कुणी देऊ नये. पण तीन महिने वजन उचललं नाही आणि व्यायाम सोडला नाही तर बरीच वर्षं सुखात जातील. मी आत येऊन जसंच्या तसं सांगितलं.

"वजन नाई म्हंजे बादली बी नाई?"

"बादली बी नाही."

"मंग थे पिंटूच्या बाबाले तुम्ही सांगा," असं म्हणून प्रेमिलाबाईंनी डोळे मिटले.