छापलेलं पुसायचं नाही

आमच्या नणंदबाईंशी वाद घालायचा असेल तर पोटभर जेवून घालावा, उपाशीपोटी निभाव लागत नाही. हे मला लग्न होऊन या घरात आल्या आल्याच कळलं. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "सवड झाली नाही" एवढंच सांगतात, आणि विचारणाऱ्याची पुन्हा तोंड उघडायची छाती होत नाही.

त्या जुन्या पुस्तकांच्या छापखान्यात आहेत. जुनी म्हणजे ज्यांचे लेखक, प्रकाशक आणि बहुतेक वाचकही केव्हाच गेले अशी. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, गावोगावचे इतिहास. मालक ती कुठून कुठून पैदा करतो, पुस्तकाची पाठ कापून पानं सुटी करतो, एकेक पान स्कॅन होतं आणि नणंदबाईंच्या संगणकावर येतं. पानावर वर्षानुवर्षं जे जे सांडलं ते पुसायचं, हे त्यांचं काम. चहाचे डाग, कसरीने पाडलेली भोकं, वाचनालयाचे शिक्के, कुणीतरी चिडून समासात लिहिलेलं 'भिकार!'. पान स्वच्छ झालं की तसंच्या तसं नव्याने छापायचं. आधी त्या बाइंडिंगच्या टेबलावर होत्या. केस पांढरे व्हायला लागल्यावर माऊस धरायला शिकल्या, आणि थोड्याच दिवसांत शिकवणाऱ्यालाच शिकवायला लागल्या.

त्यांचा एक नियम आहे. छापून झाल्यावर जे पानावर आलं ते पुसायचं, छापताना जे आलं ते पुस्तकाचं. त्याला हात लावायचा नाही. मी या कादंबऱ्या अधाशासारखी वाचते. एकीत नायिकेचा भाऊ आधीच्या प्रकरणात मरतो आणि पुढच्या प्रकरणात जेवायला बसतो. मी म्हटलं, "ताई, एवढं तरी सुधारा." तर म्हणाल्या, "तेव्हाच्या लोकांनी त्याला जेवू दिलं, आपण कोण ताटावरून उठवणार?"

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नणंदबाईंचे पणजोबा कापड रंगवायचे, एका पायाने अधू होते, आणि जुन्या बाजारामागच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत राहायचे. साथीच्या वर्षी ती गल्ली जळून खाक झाली. आग कुणामुळे लागली हे शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: आमच्या पणजोबांमुळे. दारूच्या नशेत त्यांच्या हातून दिवा पडला. माझ्या सासऱ्यांना शाळेत 'आगलाव्याचा नातू' म्हणायचे. अजूनही जुन्या रंगाऱ्यांच्या घरी लग्नाला गेलो की एखादी म्हातारी आमच्याकडे बघून नाक मुरडते. गॅस बंद आहे ना, हे आमच्याकडे घरातलं प्रत्येक माणूस जाऊन बघून येतं. सासरे दोनदा जातात.

यंदा मालकाला या शहराचा एक जुना इतिहास मिळाला. लिहिणारा त्या काळच्या नगरसमितीचा चिटणीस. नणंदबाई एका दुपारी एक पान घेऊन घरी आल्या, चपला न काढता स्वयंपाकघरात घुसल्या आणि माझ्या पिठाच्या हातात तो कागद दिला. "वाच."

मी वाचलं. 'सदर गल्लीतील रंगारी लोक अस्वच्छ, लबाड व मद्यपी असून, लंगडा रंगारी या नावाचा इसम त्यांत अग्रणी होता, सबब साथीचे मूळ समूळ नष्ट व्हावे म्हणून समितीच्या आज्ञेने ती सबंध गल्ली अग्नीच्या स्वाधीन करण्यात आली.'

"म्हणजे यांनीच जाळली?" माझा आवाज चिरकला. "आणि हा बाबा छाती फुगवून सांगतोय?"

"मग! त्याला वाटलं, शहरावर उपकार केले." त्यांचे डोळे भरले होते, पण रागाने. दिव्याची गोष्ट मग कुणी उठवली कोण जाणे. ज्यांना ती सोयीची होती त्यांनीच उठवली असणार.

सासऱ्यांना लगेच सांगूया, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "असं फडफडतं पान नको. पुस्तक छापून आलं की हातात देईन." तिथेच फसलं.

कारण तेच पान मालकाच्याही नजरेस पडलं. मालक वाईट माणूस नाही, उलट जरा जास्तच भला आहे. बाहेरून आलेला, दिव्याची गोष्ट त्याच्या कानावर नव्हती. तो म्हणाला, "बाई, हा मजकूर आजच्या वाचकांना चालणार नाही. रंगाऱ्यांची नातवंडं इथेच राहतात, त्यांना काय वाटेल? डाग पुसता तसा पुसून टाका."

"ती नातवंडं म्हणजे आम्हीच. मला वाटायचं ते वाटलंय. राहू द्या."

"मग निदान शिव्या तरी पुसा."

"शिव्या आणि आग एकाच वाक्यात आहेत. शिव्या काढल्या तर वाचणाऱ्याला वाटेल, बिचाऱ्यांनी नाइलाजाने जाळली."

मालक म्हणाला, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाकडून करून घेतो. नणंदबाईंनी डबा, चष्मा आणि खुर्चीवरची उशी उचलली. "घ्या करून. मी दाराबाहेर उभी राहीन, आणि पुस्तक घेणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की यात काय नाही." आणि घरी आल्या. आपल्या पणजोबांची गोष्ट मात्र त्यांनी त्याला सांगितली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या घरासाठी ठेवा, अशी भीक मागू? पुस्तकात आहे म्हणून ठेवायचं, बस." अशा माणसाला काय करावं! मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः घरी आला. त्यांच्यावाचून त्याचं काम अडलं होतं आणि खरं तर त्याला त्यांना दुखवायचंही नव्हतं. सासऱ्यांना म्हणाला, "आजोबा, तुम्हीच समजवा. बघा काय काय लिहिलंय तुमच्या लोकांबद्दल." आणि अर्धंच वाक्य वाचलं. लबाड, मद्यपी, लंगडा रंगारी. सासऱ्यांचा चेहरा उतरला, मग लालभडक झाला.

"पुसून टाका! जन्मभर ऐकलं तेवढं पुरे झालं."

"बाबा, पुढचं ऐका," नणंदबाई म्हणाल्या.

"मला काही ऐकायचं नाही! घराण्याची अब्रू वेशीला टांगायला निघालीस?" ते आत गेले आणि त्यांनी दार आपटलं. मालक हळूच म्हणाला, "बघा, मी हेच म्हणत होतो," आणि निघून गेला.

त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी मला मध्ये घालायचे. दोघांचा हट्ट एकाच साच्यातला, कोण आधी वाकणार? शेवटी मीच काय ते ठरवलं. सकाळी सासरे आरशासमोर दाढी करायला बसले, गालांना फेस लावला, एक गाल उरकून वस्तरा हनुवटीवर टेकवला, आणि मी मागे उभी राहून खणखणीत आवाजात ते वाक्य सुरू केलं. तोंडभर फेस आणि गळ्याशी पातं असताना माणसाला ओरडता येत नाही. त्यांनी आरशातूनच डोळे वटारले. मी थांबले नाही. अग्नीच्या स्वाधीन करण्यात आली, इथपर्यंत वाचलं.

वस्तरा खाली आला. त्यांनी पातं टॉवेलला पुसलं. मग म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "कुणाच्या आज्ञेने?" मी सांगितलं. "कुणी लिहिलंय हे?" तेही सांगितलं. ते नळाशी गेले, तोंड धुतलं, सदरा चढवला. एका गालावर दाढी तशीच होती. नणंदबाई अंथरुणाच्या घड्या घालत होत्या. त्यांना म्हणाले, "चप्पल घाल." इतक्या दिवसांनंतरचं हे पहिलं बोलणं. त्या हातातली घडी तशीच टाकून निघाल्या, आणि मी गॅस बंद करून मागोमाग धावले.

छापखान्यात मालक एका तरुण माणसाला नणंदबाईंच्या खुर्चीवर बसवून काहीतरी समजावत होता. पडद्यावर तेच पान होतं. आम्हाला बघून मालक गडबडला, पुढे आला.

"आजोबा, तुम्ही कशाला त्रास घेतलात? तुमच्या म्हणण्याप्रमाणे पुसतोच आहे आम्ही."

"नका पुसू. छापा."

"अहो पण तुम्हाला वाईट वाटलं होतं."

"वाटलं. अजून वाटतंय. छापा."

मालकाने माझ्याकडे पाहिलं, नणंदबाईंकडे पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणला. "आजोबा, हा लंगडा रंगारी म्हणजे तुमचे कुणी असतील तर नीट विचार करा. त्यांना दारुडा म्हटलंय यात. घरोघर जाईल हे पुस्तक."

"माझे आजोबा आहेत ते," सासरे म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा चढला की मागची यंत्रावरची माणसंही बघायला लागली. "दारू पीत होते. गल्ली त्यांनी जाळली नाही."