पेशंटचं नाव

देवासला आमच्या कॉलनीत एक तरुण बाई दुपारी इंग्रजी बोलायला शिकवतात. परदेशातला नातू फोनवर इंग्रजीशिवाय तोंड उघडत नाही, म्हणून या वयात मी त्या वर्गाला जाऊ लागले. "म्हातारपणी बाराखडी!" म्हणून ह्यांनी चेष्टा केली. मी लक्ष दिलं नाही. छान चाललं होतं. मग इंदूरच्या दवाखान्यात ह्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आणि माझं कशातच मन लागेना.

त्याच आठवड्यात बाईंनी सगळ्या धड्यांची उजळणी खेळातून घेतली. दोन गट, प्रश्नांच्या चिठ्ठ्या, आणि वेळ संपली की बाई स्टीलची थाळी वाजवणार. माझ्या गटातल्या चौकातल्या किराणावाल्यानं भाज्या, नाती, वार धडाधड सांगून आम्हाला पुढं नेलं होतं. शेवटची चिठ्ठी माझी निघाली, दवाखान्याच्या धड्यातली. बाई झाल्या काउंटरवरची मुलगी, मी पेशंटची बायको.

"व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

इतका सोपा प्रश्न अख्ख्या खेळात नव्हता, आणि माझी दातखीळ बसली. आमच्या घराण्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात चालतं, नुसतं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. एरवी मी असल्या गोष्टींची टर उडवते. सुनेला तर मीच सांगितलं, खुशाल नावानं हाक मार. पण त्या दुपारी मला खरंच भीती वाटली. इतकी वर्षं जपलं, आणि ऑपरेशनच्या तोंडावर एका खेळापायी घालवू?

"आंटीजी, अंकल का नाम ही तो बोलना है," किराणावाला कळवळून म्हणाला.

थाळी वाजली. आम्ही हरलो. सगळे हसले, मीही हसले. इंदूरच्या दवाखान्यात हेच विचारणार, आणि मुलाला रजा नसल्यामुळे तिथं सांगायला मी एकटीच असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

घरी स्वयंपाकघरात दार लोटून प्रयत्न करून पाहिला. पहिलं अक्षर यायचं, पुढचं येईना.

इंदूरला ह्यांना मागच्या खुर्चीवर बसवून मी काउंटरशी गेले.

"पेशंट का नाम?"

मी शहाणपणा करून आधार कार्ड पुढं सरकवलं. त्या मुलीनं बघितलंसुद्धा नाही. "नाम बोलिए, माताजी."

मागं रांग चुळबुळत होती. देवा, कमी करायचंच असेल तर माझं कर, असं मनात म्हटलं आणि डोळे मिटून नाव घेतलं. घाबरून इतक्या मोठ्यानं, की सगळी रांग गप्प झाली.

मागून, खुर्चीवरून, ह्यांनी ओ दिली.