घरचे रंग आणि पाहुणे रंग

दुकानात तिला सगळे ताई म्हणायचे आणि घरी तर ती ताई होतीच, त्यामुळे थोरलेपणातून तिला सुट्टी अशी कधी मिळालीच नाही. सव्वीस वर्षं ती एकाच दुकानात बॅगा विकत होती. बॅगा म्हणजे भाजी आणायच्या नव्हेत. एकेक बॅग मऊ कापडी पिशवीत, ती पिशवी खोक्यात, खोकं पुन्हा कागदी पिशवीत. आत काय आहे ते बघायचं तर कांद्यासारखं सोलत जावं लागे. बॅगेला हात लावायचा तोही पांढरे सुती हातमोजे घालून. नवरा म्हणायचा, इतकं जपून हिनं मला कधी हात लावला नाही.

दुकानात रंगांच्या दोन जाती होत्या. काळा, टॅन, चॉकलेटी आणि नेव्ही हे चौघे बारा महिने फळीवर असायचे, त्यांना ताई 'घरचे' म्हणे. आणि दर मोसमाला कंपनी पाच-सहा नवे रंग पाठवायची, ते 'पाहुणे'. चार महिने राहणार, कौतुक करून घेणार आणि एकदा गेले की पुन्हा तोंड दाखवणार नाहीत. कंपनी त्यांना नावंही अशी द्यायची की ऐकणाऱ्यानं चाट पडावं. एकदा 'पहाटेचं धुकं' आलं होतं. ताईनं खोकं उघडलं आणि म्हणाली, "धुकं कसलं डोंबलाचं, राखी आहे हा."

येणारी प्रत्येक बाई याच दोन जातींच्या मध्ये अडकायची. काळी घ्यावी तर पोक्त वाटते, नवी घ्यावी तर पुढच्या वर्षी जुनी होते. ताईची रीत ठरलेली. बॅगा दोनच समोर ठेवायच्या, एक घरची आणि एक पाहुणी. तिसरी आली की गिऱ्हाईक "घरी विचारून येते" म्हणतं आणि येत नाही. मग तिला दाराशी उजेडात न्यायचं, कारण दुकानातले पिवळे दिवे सगळ्यांनाच गोड दाखवतात. बॅग खांद्याला लावायचीच नाही, मनगटावर टेकवायची. चेहऱ्याला पावडर असते, मनगटाला नसते.

सावळ्या बायका बहुतेक मान खाली घालून यायच्या आणि आपणहून काळी मागायच्या. ताई ती परत फळीवर ठेवायची. "बाई, काळी कुणालाही विकता येते. रंग पेलायला तुमच्यासारखा हात लागतो. ही धरून बघा." आणि गडद पिवळी किंवा मोरपंखी बॅग त्या मनगटावर टेकली की खरंच दोन्ही उजळायचे, बॅगही आणि हातही. बाई जाताना दोन बोटं उंच झालेली असायची. ताई हे सगळं मनापासून सांगे, आणि ते खरंही होतं.

फक्त एकाच बाईला तिनं इतकी वर्षं याच्या बरोब्बर उलट सांगितलं होतं. ती बाई म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण.

दोघी बहिणींत थोरली गोरी आणि धाकटी सावळी. आई पाहुण्यांपुढे थोरलीलाच पुढे करायची. पण आईच्या लक्षात न आलेली एक गोष्ट थोरलीच्या फार लवकर लक्षात आली होती. आपल्या वाट्याला तेवढा गोरा रंगच आलाय, बाकी सगळं धाकटीनं नेलंय. नाक, डोळे, हसू, बोलण्यातला गोडवा, सगळं. रंगाच्या एका काडीवर थोरलीचा सगळा तोरा उभा होता, आणि ती काडी कधी मोडेल याची तिला धाकधूक असायची.

ती मोडली दुकानातल्या पहिल्याच वर्षी. नोकरांना वर्षाला एक बॅग सवलतीत मिळे. थोरलीनं मोठ्या ऐटीत धाकटीला दुकान उघडायच्या आधी बोलावलं. त्या मोसमाची पाहुणी गडद पिवळी होती. धाकटीनं ती सहज हातात अडकवली, आरशासमोर गिरकी घेतली आणि हसली. खोकी मोजणाऱ्या दोघी मोजायच्या थांबल्या. म्हातारे मॅनेजर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ही बॅग ज्यानं केली त्यानं हिलाच समोर बसवून केली असणार." थोरलीचा जळफळाट झाला. तिला आजही आठवे, की तो जळफळाट छातीत नव्हता, कानाच्या पाळ्यांत होता. कान नुसते तापले होते.

ती पुढे गेली आणि दोन बोटांनी बॅगेचा पट्टा धाकटीच्या हातावरून अलगद उतरवला. "नको गं. फार भडक दिसतेस. तुला काळीच शोभते. आणि काळी कधी जुनी होत नाही."

धाकटीनं एका शब्दानं वाद घातला नाही. "बरं झालं बाई तू आहेस, मी आपली खुळ्यासारखी नाचत होते," असं म्हणून ती काळी घेऊन गेली. पिवळी थोरलीनं पुऱ्या किमतीत स्वतः घेतली. ती तिच्या हातात कुणाची तरी उचलून आणल्यासारखी दिसायची. वर्षभर तिनं ती हट्टानं वापरली.

एकदाच झालं असतं तर कदाचित विसरूनही गेली असती. पण ताईचा शब्द म्हणजे धाकटीला काळ्या दगडावरची रेघ. ती कुठल्याही दुकानातून फोन करायची. "ताई, स्वेटर हिरवा घेऊ की तपकिरी?" आणि फोनवर, समोर आरसा नसताना, मॅनेजर नसताना, कान तापलेले नसताना थोरलीच्या तोंडून निघायचं, "तपकिरी." जित्याची खोड म्हणतात तशी. फोन ठेवल्यावर मात्र तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग ती त्याची भरपाई दुसरीकडून करायची. धाकटीच्या आजारपणात रजा टाकून उशाशी बसली, तिच्या लेकीला पहिली सायकल हिनंच घेऊन दिली. सगळी आळी म्हणे, बहीण असावी तर अशी. ते ऐकलं की थोरली मान फिरवायची. लोकांना वाटे, लाजते.

सांगून टाकायचं तिनं किती वेळा ठरवलं. एका वर्षी धीर करून म्हणाली, "यंदा मरून रंगाची घेऊन बघ." धाकटी खो खो हसली. "माझी थट्टा करतेस होय! तूच तर म्हणतेस मला काळी." थोरलीही हसली आणि मूग गिळून बसली. धाकटी इस्पितळात जुन्या फायलींच्या खोलीत कामाला होती. तिथं काळी बॅग, राखी कपडे आणि फायलींचे गठ्ठे यांत ती बावीस-तेवीस वर्षं अशी मिसळून गेली होती की, साहेब आत येऊन "कुणी आहे का?" असं विचारत. हे ती स्वतःच रंगवून सांगायची, आणि सगळे हसायचे.

मग यंदा भाचीला नोकरी लागली. बावीस वर्षांची पोर, रंगानं आईवर गेलेली आणि हसूही आईचंच. "मावशीच्या सवलतीतली बॅग यंदा हिला," असं धाकटीनं परस्पर ठरवलं आणि मोसम बदलायच्या दिवशी सकाळी साडेनऊला दोघी दुकानात हजर झाल्या. दुकान दहाला उघडायचं. आत थोरली एकटीच नव्या खोक्यांतून पाहुणे बाहेर काढत होती. पोपटी निघाला, लिंबू निघाला आणि मग गुलबक्षी.

भाचीनं गुलबक्षी उचलली. कुणाला न विचारता मनगटावर अडकवली आणि आरशात बघितलं. थोरलीच्या हातातला कागद हातातच राहिला. तोच आरसा, तीच गिरकी. पण या खेपेला तिचे कान तापले नाहीत. पोरीचं रूप बघून तिला फक्त भरून आलं, आणि आपण म्हातारे झालो याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

तेवढ्यात धाकटी पुढे झाली. तिनं दोन बोटांनी पट्टा पोरीच्या हातावरून अलगद उतरवला.

"नको गं बाळा. फार भडक दिसतेस. तुला काळीच शोभते. काळी कधी जुनी होत नाही. विचार मावशीला, तिचं आयुष्य गेलंय यात."

 शब्द थोरलीचे, सूर तिचा, ती दोन बोटंही तिचीच. फरक एवढाच, की धाकटीच्या आवाजात मत्सराचा लवलेश नव्हता. ती लेकीच्या भल्याचंच सांगत होती. लोकांनी पोरीला हसू नये म्हणून सांगत होती. आणि पोरगी, सगळ्यांना उलटून बोलणारी पोरगी, काही न बोलता काळ्या बॅगांच्या फळीकडे वळली. तिच्या खांद्याला पडलेला बाक थोरलीनं बघितला. आता गप्प बसलीस तर ही पोर जन्मभर अशीच चालेल, आणि पुढे हिची लेकसुद्धा, असं तिच्या मनानं तिला स्वच्छ सांगितलं.

"थांब," ती म्हणाली. गुलबक्षी उचलून तिनं भाचीला दाराशी उजेडात नेलं आणि बॅग तिच्या मनगटावर टेकवली. "ही घे. हीच घे. काळीत तू हरवशील."

"अगं ताई, असं काय करतेस?" धाकटी गोंधळली. "पोर माझ्याच रंगाची आहे. तूच मला सांगत आलीस ना?"

"खोटं सांगत आले."

"म्हणजे?"

"ती पिवळी आठवते? पहिल्या वर्षीची? ती तुला इतकी शोभत होती की मला बघवेना. म्हणून काढून घेतली. आणि मग तेच सांगत राहिले. तुझ्या रंगाच्या बाया इथं रोज येतात, त्यांना मी एकीलासुद्धा काळी घेऊ देत नाही. फक्त तुला दिली."

धाकटी आधी हसली. थोरली हसत नाही असं बघून तिचं हसू ओठांवरच वाळलं. ती गिऱ्हाइकांच्या मखमली स्टुलावर टेकली. भाची दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. बॅग तिनं तशीच मनगटावर धरून ठेवली होती.

"तो हिरवा स्वेटर?" धाकटीनं विचारलं.

"तोही."

"लग्नात मी जांभळं नेसणार होते. तू राखी निवडलंस."

"हो."

"सगळे म्हणाले, नवरी दमलेली दिसते." धाकटी आपल्या हातांकडे बघत बोलत होती. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर थोरलीला सोपं गेलं असतं. "आणि इस्पितळात मला नोंदणीच्या खिडकीवर बसायला बोलावलं होतं. तू म्हणालीस, दिवसभर लोकांच्या नजरेसमोर बसायचं काम आहे, तुला झेपणार नाही, तू फायलींची खोली माग. ते?"

 ते आपण काळजीपोटी म्हणालो होतो असं थोरलीला वाटत होतं. धाकटीला तेव्हा दिवस गेले होते, खिडकीवर दिवसभर गर्दी असायची. पण खरंच तेवढंच होतं का? त्या खिडकीतून येणारी-जाणारी शंभर माणसं रोज धाकटीचं हसू बघणार, हे मनात आलंच नव्हतं का? तिनं स्वतःच्या मनात खोलवर पाहिलं, पण काही सापडलं नाही. इतकी वर्षं खोटं आणि खरं एकाच तोंडानं बोलल्यावर कुठलं कुठून आलं हे तिचं तिलाच ओळखू येईना.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. "देवाशपथ, मला माहीत नाही."

धाकटीनं तिचे डोळे पुसले नाहीत. एरवी पुसले असते. लेकीला म्हणाली, "घे ती गुलबक्षी. छान दिसतेय."

"तूही घे," थोरली नाक ओढत म्हणाली. "सवलत नसली तर नसली, माझ्याकडून घे. यातली हवी ती घे. मी काही बोलत नाही, तूच निवड."

धाकटी उठली. तिनं एका हातात पोपटी अडकवली, दुसऱ्या हातात लिंबू. आरशासमोर उभी राहिली. आधी हा हात वर केला, मग तो. मग पुन्हा हा. पोपटी ठेवून तिनं फळीवरची काळी घेतली, तीही लावून बघितली, आणि पुन्हा पोपटी उचलली. बराच वेळ ती स्वतःकडे बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. शेवटी सवयीनं तिची मान थोरलीकडे वळली.

"ताई, कोणती गं—"

आणि ती थांबली.

"नको," ती म्हणाली. "तू नको सांगूस."

पण तिचं तिलाही सांगता येईना. दहा वाजले, बाहेर दोन बायका काचेला नाक लावून उभ्या राहिल्या, तरी ती दोन्ही हातांत दोन बॅगा घेऊन तशीच आरशासमोर उभी होती. आणि दार उघडायचं काम थोरलीचं होतं, तिला ते उघडवेना.